मेंदूतली तळी आणि अडलेलं पाऊल

संध्याकाळी सहाच्या सुमारास ठाण्याच्या तलावपाळीवर कट्ट्याला बसावं आणि नुसते पाय बघावेत. चेहरे नकोत, कपडे नकोत, फक्त पाय. मासुंदा तलावाभोवती फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांच्या चालीतला फरक थोड्याच वेळात कळू लागतो. गुडघे गेलेला माणूस दुखऱ्या पायावर क्षणभर भार देतो आणि लगेच दुसऱ्या पायावर येतो. चाल लंगडी, पण तिला ताल असतो. पार्किन्सन झालेला माणूस पुढे वाकलेला असतो, एक हात कोपरात दुमडून अंगाशी आलेला, पावलं जवळजवळ. तिसरी चाल मात्र बुचकळ्यात टाकते. पाठ ताठ आहे, हात छान हलताहेत, किंबहुना जरा जास्तच. कमरेच्या वर बघितलं तर माणूस मजेत फिरायला निघालाय; खाली बघितलं तर तोच माणूस शेवाळलेल्या घाटावरून जपून उतरतोय. दोन पावलांत अंतर ठेवून, फूटभर फूटभर, चपला फरफर घासत. कोपऱ्यावर वळायची वेळ आली की सात-आठ बारीक पावलं टाकून तो गोल फिरतो. बरोबरच्या मित्राने काही विचारलं की आधी थांबतो, मग उत्तर देतो.

घरात याला एकच निदान असतं: वय झालं.

या प्रकरणाचा विषय ही तिसरी चाल आहे. तिचं मूळ पायात नसतं आणि बहुतेक वेळा गुडघ्यातही नसतं. ते असतं मेंदूच्या खोल भागात, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांमध्ये. डॉक्टर त्याला ‘स्मॉल व्हेसल डिसीज’ म्हणतात; आपण सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार म्हणू.

तलावांच्या शहरात हा विषय काढायला आणखी एक कारण आहे. या आजारात मेंदूच्या खोल भागात बारीक पोकळ्या तयार होतात, तीन ते पंधरा मिलिमीटरच्या, आत पाणी भरलेल्या. त्यांना ‘लॅक्यून’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खळगा, डबकं. तळ्यासाठीच्या लॅटिन शब्दाचंच ते भावंड. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत ही तळी पाहिली आणि नाव दिलं. पुढे १९०१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र इथल्या रुग्णालयात पिएर मारी यांनी वृद्धांचे मेंदू तपासून या तळ्यांवर सविस्तर लिहिलं. ज्यांच्या मेंदूत तळी सापडत, ती माणसं जिवंतपणी बारीक बारीक पावलं टाकत चालायची, अशी त्यांची नोंद आहे. म्हणजे हे निदान सव्वाशे वर्षं जुनं आहे. ते आपल्या घरांपर्यंत पोचलेलं नाही, इतकंच.

आता नळांकडे वळू. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला पाणीपुरवठ्याचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. धरण भरलेलं असतं, मोठी जलवाहिनी धो धो वाहत असते, तरीही ‘शेवटच्या टोकाला’ असलेल्या इमारतीत सकाळी करंगळीएवढी धार येते. मेंदूतही टोकं असतात. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याला लागतो. हे रक्त मानेतून मोठ्या रोहिण्यांनी वर येतं. मेंदूच्या तळाशी या रोहिण्या एकमेकींना जोडून एक कडं करतात, त्यामुळे एक बाजू तुंबली तरी दुसरीकडून काम भागू शकतं. खोल भागात जाणाऱ्या बारीक वाहिन्यांना अशी जोडणी जवळजवळ नसते. मोठ्या रोहिणीतून त्या थेट, काटकोनात फुटतात आणि आत घुसतात. मुख्य जलवाहिनीला मध्ये एकही व्हॉल्व्ह न लावता अर्ध्या इंचाचा नळ जोडला तर त्याची जी अवस्था होईल, तीच यांची. मोठ्या वाहिनीतला दाब त्यांच्या भिंतींवर जवळजवळ तसाच आदळतो.

वर्षानुवर्षं रक्तदाब १६० राहिला तर या भिंती काय करतात? त्या जाड होतात. भिंतीतला लवचीक स्नायू जातो, त्या जागी निबर तंतू येतात. आतली पोकळी अरुंद होते. त्याहून वाईट म्हणजे नळीचा शहाणपणा जातो. निरोगी वाहिनी गरजेप्रमाणे रुंद होते, आकसते. निबर वाहिनी दोन्ही विसरते. आतलं अस्तर झिरपू लागतं आणि रक्तातले नको ते घटक मेंदूच्या पेशींभोवती उतरतात. मधुमेह आणि तंबाखू या कामाला हातभार लावतात. वयस्कर माणसांत आणखी एक प्रकार दिसतो, त्यात भिंतींमध्ये ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं. आनुवंशिक प्रकारही आहेत, पण ते विरळ. आपल्याकडे तलावपाळीवर जी चाल दिसते, तिच्यामागे मुख्यतः रक्तदाब असतो.

भारतात रक्तदाब किती? आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब, ११.४ टक्के लोकांना मधुमेह. दोन्ही शहरांत अधिक.

पण मग बिघाड पायांतच का? हात का सुटतात, तोंड का वाकडं होत नाही? याचं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे, आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं.

मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा आहे. चेहरा आणि हात बाहेरच्या बाजूला. पाय मात्र मधल्या फटीत, दोन अर्धगोल एकमेकांसमोर येतात तिथे, आत वळलेले. पायांकडे जाणारे तंतू तिथून निघतात आणि खाली उतरताना मेंदूच्या पोकळ्यांना जवळून वळसा घालतात. या पोकळ्यांत मेंदूजल असतं. हातांचे आणि चेहऱ्याचे तंतू जरा लांबून, बाहेरून जातात. आता रक्तपुरवठ्याचा नकाशा यावर ठेवा. काही बारीक वाहिन्या तळाकडून वर येतात, काही पृष्ठभागावरून आत उतरतात, आणि दोन्ही संपतात त्या नेमक्या या पोकळ्यांच्या काठाला. दोन्ही योजनांचं शेवटचं टोक एकाच वाडीत. दाब कमी पडला की पहिली कोरडी होते ती ही वाडी, आणि पायांची तार नेमकी तिथूनच गेलेली आहे.

शिवाय चालणं हे एकट्या पायांच्या हुकमाचं काम नाही. पावलांचा ताल मज्जारज्जू आणि मेंदूचा देठ मिळून धरतात. पण निघायचं कधी, वळायचं कसं, समोर रिक्षा आली तर काय, हे कपाळामागचा भाग ठरवतो, आणि मेंदूच्या तळातल्या केंद्रकांशी त्याची सारखी देवघेव चालू असते. ती चालते पांढऱ्या द्रव्यातून, म्हणजे चरबीचं वेष्टण असलेल्या लांब तारांमधून. वेष्टण खराब झालं की निरोप पोचतात, पण उशिरा आणि विस्कटलेले. मोठ्या पावसात कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की ठाण्याच्या फलाटावर जे होतं ते आठवा. स्टेशनं शाबूत असतात, गाड्या धड असतात, मोटरमन जागेवर असतो. तरी काही हलत नाही.

म्हणूनच या आजारात पायाची ताकद तपासली तर चांगली निघते. आजोबांना पलंगावर झोपवून ‘सायकल चालवा’ म्हटलं तर ते मस्त चालवतात. उभं केलं की पाय जमिनीला चिकटतात. घरच्यांना वाटतं, हे मुद्दाम करताहेत. या संशयापायी घराघरांत बरीच भांडणं होतात आणि त्यात आजोबांचा दोष शून्य असतो.

लंडनमध्ये फिलिप थॉम्पसन आणि डेव्हिड मार्सडेन यांनी १९८७ मध्ये या चालीचं बारकाईने वर्णन केलं. वरचं अंग मोकळं, खालचं अडलेलं. त्याच वर्षी व्लादिमिर हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी स्कॅनवर दिसणाऱ्या या विरळ झालेल्या पांढऱ्या भागाला नाव सुचवलं, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियन डॉक्टर फ्रान्झ फझेकास आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवरचे डाग मोजायची शून्य ते तीन अशी पट्टी दिली. सगळं एकाच वर्षी येण्यामागे योगायोग कमी आणि यंत्रं जास्त होती. आधी हे मेंदू माणूस मेल्यावरच बघता यायचे. आता माणूस समोर बसलेला असताना दिसू लागले.

आज कल्याण-डोंबिवलीत साठी उलटलेल्या कोणाचाही एमआरआय रिपोर्ट उघडा, ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ हे शब्द सापडण्याची बरीच शक्यता आहे. हे वाचून घरात दोन टोकाच्या प्रतिक्रिया होतात. एक, ‘मेंदूला रक्तपुरवठाच होत नाहीये’ म्हणून हाय खाणं. दुसरी, ‘डॉक्टर म्हणाले वयानुसार आहे’ म्हणून रिपोर्ट कपाटात. दोन्ही चूक. हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत ६० ते ९० वयाच्या १,०७७ लोकांचे स्कॅन केले, तेव्हा फक्त पाच टक्के लोकांच्या मेंदूत एकही डाग नव्हता. म्हणजे थोडे डाग हे पिकलेल्या केसांसारखे. प्रश्न किती, कुठे आणि किती वेगाने, हा असतो. युरोपातल्या ११ केंद्रांनी मिळून ‘लाडिस’ नावाचा अभ्यास केला. त्यातली ६३९ माणसं सुरुवातीला आपलं आपण जवळजवळ सगळं करणारी होती. सौम्य डाग असलेल्यांपैकी दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास लोक परावलंबी झाले किंवा वारले. तीव्र डाग असलेल्यांमध्ये हे प्रमाण जवळजवळ तीस टक्के होतं. तेव्हा रिपोर्ट कपाटात टाकण्याआधी त्यात सौम्य, मध्यम की तीव्र लिहिलंय, एवढं तरी वाचावं.

पक्षाघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाकडं तोंड आणि लुळा हात येतो. मुंबईच्या एका भागात २००५-०६ मध्ये पाहणी झाली, तीत वर्षाला दर लाखात १४५ नवे पक्षाघात नोंदले गेले. हे दिसणारे. तळी तयार करणारे बारीक झटके बहुतेकदा आवाज न करता येतात. ज्या दिवशी एक वाहिनी बंद पडली, त्या दिवशी माणूस कदाचित फडके रोडवर भाजी घेत होता. रॉटरडॅममध्ये असे मुके झटके पाचातल्या एका वृद्धाच्या मेंदूत सापडले. चार-पाच तळी साठली की मग पावलाला कळतं.

इथे एक गल्लत फार होते. पावलं बारीक झाली की कोणीतरी ‘पार्किन्सन’ म्हणतं आणि गोळ्या सुरू होतात. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. पार्किन्सन सहसा एका बाजूने सुरू होतो, स्वस्थ बसलेलं असताना हात थरथरतो, वास कळेनासा होतो, अक्षर बारीक होत जातं. रक्तवाहिन्यांच्या आजारात दोन्ही पाय एकदम अडतात, थरथर नसते, सही पूर्वीसारखीच येते. लघवीची घाई लवकर सुरू होते. बोलण्या-समजण्याचा वेग मंदावतो, उत्साह ओसरतो. टीव्हीवरच्या साध्या प्रसंगाला डोळे भरून येतात आणि आवरत नाहीत. पार्किन्सनची गोळी इथे काहींना थोडी लागू पडते, बऱ्याच जणांना अजिबात नाही.

तशीच दिसणारी आणखी दुखणी आहेत, आणि त्यांतली काही बरी होण्याजोगी आहेत म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं. मेंदूजलाचा निचरा बिघडून पोकळ्या फुगल्या तरी चाल अशीच होते. ‘मेंदूत पाणी झालंय’ म्हणतात ते हे. एक बारीक नळी बसवून काहींना ते फळतं. दुसरं, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. त्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. ब्राह्मण आळीतल्या शाकाहारी, वरणभाताच्या घरात आजोबांचा तोल जाऊ लागला तर मेंदूच्या स्कॅनआधी ही साधी रक्ततपासणी व्हायला हवी.

तिसरं कारण घरातल्या डब्यात असतं. ‘चक्कर येते’ म्हणून पाच दिवसांसाठी दिलेली गोळी आजी तीन वर्षं घेत असतात, कारण केमिस्ट जुनी चिठ्ठी बघून देतो. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही त्यातली नेहमीची नावं. ही औषधं दीर्घकाळ घेतली तर हुबेहूब पार्किन्सनसारखी चाल आणतात. डॉक्टरांनी विचार करून गोळी बंद केली की काही महिन्यांत पावलं सुटल्याची उदाहरणं वैद्यकात भरपूर आहेत. एका गोळीने आणलेल्या चालीवर दुसरी गोळी, मग तिसरी, हा आपल्याकडचा खास क्रम.

घरच्या घरी काय बघता येतं? खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पोडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये ही वेळ मोजायची पद्धत मांडली. दहा सेकंदांच्या आसपास झालं तर छान. पंधरा-वीसच्या वर जाऊ लागलं तर दाखवायला हवं. दुसरी चाचणी याहून सोपी. स्वीडनमधल्या एका गटाने १९९७ मध्ये पाहिलं की चालताना कोणी बोललं तर जी वृद्ध माणसं थांबतात, ती पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. निरोगी मेंदूला चालणं हे काम वाटतच नाही, ते आपोआप होतं. पांढऱ्या तारा झिजल्या की ते लक्ष देऊन करावं लागतं, आणि लक्ष एकच असतं. म्हणून डोंबिवली स्टेशनच्या पुलावर, उतरणाऱ्या लोंढ्यात, आजोबांना मागून ‘बाबा, तिकीट घेतलं का?’ विचारू नये. नातवाने हात धरावा आणि गप्प राहावं.

पुलाचाच विषय निघाला तर, या शहरांत चालणं ही साठीच्या आतल्यांसाठी आखलेली परीक्षा असते. रस्ता ओलांडायच्या सिग्नलची आखणी बहुतेक देशांत सेकंदाला साधारण १.२ मीटर वेग धरून होते. मंदावलेल्या पावलांचा वेग ०.६ ते ०.८ असतो. लोकल वीस-तीस सेकंद थांबते. जी माणसं तीस वर्षं कल्याण फास्टला लटकून गेली, ती निवृत्तीनंतर दोन वर्षांत ‘आता ठाण्याला जायला नको वाटतं’ म्हणतात. आपण समजतो, हौस संपली. कित्येकदा पायांनी वेळेचा हिशोब आधीच केलेला असतो.

औषध काय, हा प्रश्न येतोच. झालेली तळी बुजवणारं औषध नाही. डागांची वाढ मंदावता येते. अमेरिकेतल्या स्प्रिंट अभ्यासात वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्यांच्या मेंदूत सुमारे चार वर्षांत डागांचं आकारमान ०.९२ घनसेंटिमीटरने वाढलं. १४० च्या खाली ठेवलेल्यांत १.४५ ने. ‘इन्फिनिटी’ नावाच्या दुसऱ्या अभ्यासात ७५ च्या पुढची १९९ माणसं होती. तिथेही रक्तदाब अधिक काटेकोर ठेवल्यावर डाग कमी वाढले, हृदयविकाराचे प्रसंगही घटले. पण तीन वर्षांनी चालायच्या वेगात फरक पडला नाही.

हा निकाल निराश करणारा वाटतो, तरी मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. डाग आणि पाऊल यांच्यात वर्षांचं अंतर आहे. पंचाहत्तरीला नळ बदलायला घेतले तर टोकाच्या वाडीचं झालेलं नुकसान भरून येत नाही. ज्या वयात रक्तदाब मोजायला हवा ते वय चाळीस-पंचेचाळीसचं, म्हणजे पहाटे डबा भरून निघायचं आणि रात्री नऊला परतायचं, ते. त्या वयात डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून बीपी नाही, असा समज असतो. बीपीला लक्षणं नसतात, हेच त्याचं लक्षण. आणि उतारवयात दाब घाईने फार खालीही आणू नये. बसल्या जागेवरून उठल्यावर दाब कोसळणाऱ्या माणसाच्या टोकाच्या वाडीत तेवढा वेळ थेंबही जात नाही. दाब बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजायला डॉक्टरांना सांगावं. तोंड किंवा हात अचानक वाकडा-लुळा झाला तर मात्र विचार करत बसू नये. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासच हातात असतात.

चाल मंदावल्यावर घराकडे बघावं लागतं. नौपाड्यातल्या आणि डोंबिवलीतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, म्हणून लोक हळहळतात. जिने त्रासाचे आहेत हे खरंच, पण अडलेल्या पावलांची काही माणसं सपाट जमिनीपेक्षा जिना बरा चढतात. प्रत्येक पायरी पावलाला जागा दाखवते. खरा धोका असतो रात्री दोन वाजता, पलंग ते बाथरूम या बारा फुटांत. लघवीची घाई, झोपेतून उठल्यामुळे पडलेला दाब, अंधार, गुंडाळलेलं पायपुसणं आणि बाथरूमचा उंबरठा. खुबा मोडतो तो बहुधा इथे. पायपुसणं उचलावं, पलंगाजवळ दिवा हवा, कमोडशेजारी भिंतीत दांडी हवी, चप्पल मागून पट्टा असलेली हवी. पुनर्विकासासाठी घर सोडून भाड्याच्या जागेत गेलेल्या आजी-आजोबांना नव्या घरात पहिले काही महिने जास्त जपावं लागतं, कारण जुन्या घरातली पावलं त्यांना पाठ होती.

फिजिओथेरपिस्ट एक युक्ती शिकवतात, ती पार्किन्सनमध्ये आधी लक्षात आली आणि इथेही काहींना लागू पडते. जमिनीवर आडव्या रेघा असल्या की अडलेलं पाऊल सुटतं. चालणं आपोआप होईनासं झालं की डोळे त्याचा ताबा घेतात. जुन्या घरांतल्या मोझॅकच्या लाद्या त्या कामाला फार चांगल्या. लादीच्या सांध्यावरून पाय पलीकडे टाकायचा, मनात आकडे मोजायचे. नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत, बिनसांध्याच्या टाइल्सवर रेघाच दिसत नाहीत. तिथे पलंगापासून बाथरूमपर्यंत एकेका पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावाव्या लागतात. सून लावते, नातू विचारतो की आजोबा लंगडी खेळणार का, आणि आजोबा पहिल्या पट्टीसमोर थांबून, पलीकडची पट्टी बघून, पाय उचलतात.